बडोद्यात बिल्डिंगच्या एसीचं काम कोणाला द्यायचं, ते कसं ठरवायचं

कारेलीबागेत आमची तीन मजली बिल्डिंग आहे, खाली पॅथॉलॉजी लॅब, मधे एका सीएंचं ऑफिस आणि सगळ्यात वर कोचिंग क्लास. २०१७ च्या दिवाळीनंतर नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, भाडेकरूंच्या आग्रहावरून अख्ख्या बिल्डिंगला एसी करून घ्यायचं ठरवलं. कॉन्ट्रॅक्टर आला, प्रत्येक मजल्यावर पावलं टाकत चालून गेला, मोबाइलवर गुणाकार-भागाकार केला आणि दहा मिनिटांत आकडा सांगितला, अठराशे फुटांचा मजला, दीडशे फुटाला एक टन, म्हणजे मजल्याला बारा टन, तिन्ही मजल्यांना सारखेच. नानांना हिशोब पटला, कारण तो कोणालाही समजेल असा होता. पुढच्या मे महिन्यात वरच्या क्लासमधली मुलं वह्यांनी वारा घेत बसलेली, मधल्या ऑफिसात बायका ओढण्या गुंडाळून बसलेल्या, आणि पावसाळ्यात त्याच ऑफिसातल्या फायलींना बुरशी. मशीन चांगल्या कंपनीची होती हो, पैसेही पूर्ण मोजले होते, चूक झाली होती ती माणूस निवडण्यात. २०२२ मध्ये आम्ही वरचं आणि मधलं काम पुन्हा करून घेतलं, त्यानंतर दोन नातेवाइकांच्या आणि एका मंगल कार्यालयाच्या कामातही मी लक्ष घातलंय, तेव्हा जे कळलं ते सगळं इथे लिहिते.

आधी तो बारा टनांचा हिशोब कुठे फसला ते बघा, कारण कॉन्ट्रॅक्टरची पारख याच्यातूनच होते. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद. शांत बसलेला एक माणूस अंदाजे ११५ वॅट उष्णता सोडतो. क्लासमध्ये १२० मुलं, म्हणजे झाले पावणेचौदा किलोवॅट, म्हणजे चार टन नुसते मुलांचेच. एवढ्या मुलांना श्वास घ्यायला बाहेरची ताजी हवा आत घ्यावी लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात ती हवा ४२-४३ अंशांची असते, तिला थंड करायलाच आणखी तीन-चार टन गेले. वर तापलेला स्लॅब, पश्चिमेला काच. बारा टन पुरणार कसे? उलट मधल्या ऑफिसात चौदा माणसं, वरखाली दोन्हीकडे एसी चालू असलेले मजले, तिथे सात-आठ टनांत भागलं असतं. जास्त टन म्हणजे जास्त आराम असं आपल्याला वाटतं, पण मोठं मशीन खोली पटकन गार करून बंद पडतं, आणि हवेतला दमटपणा काढायला कॉइल, म्हणजे मशीनमधली थंड नळ्यांची जाळी, बराच वेळ थंड राहावी लागते, तेवढा वेळच तिला मिळत नाही, मग जुलै-ऑगस्टमध्ये खोली गार पण ओलसर राहते. बुरशीचं कारण ते होतं.

तर पहिली परीक्षा ही की माणूस भाव सांगायच्या आधी मोजतो का. चांगला कॉन्ट्रॅक्टर टेप किंवा लेझर घेऊन येतो, भिंती कोणत्या दिशेला आहेत ते बघतो, काच किती, वर गच्ची आहे की दुसरा मजला, छताची उंची, किती माणसं बसणार आणि किती वाजता, कोणती यंत्रं चालणार (लॅबमधले अ‍ॅनालायझर आणि फ्रिज रात्रंदिवस उष्णता सोडतात, हे पहिल्या माणसाने विचारलंच नव्हतं), आणि मग दोन-चार दिवसांनी हीट लोडचा, म्हणजे खोलीतून किती उष्णता काढायची त्या हिशोबाचा, कागद पाठवतो. हा कागद मागाच. प्रत्येक खोलीचा वेगळा हिशोब त्यात असला पाहिजे, आणि बाहेरचं तापमान किती धरलंय ते लिहिलेलं असलं पाहिजे. कॅटलॉगमध्ये छापलेले टन बाहेर ३५ अंश असताना मोजलेले असतात, आपल्या गच्चीवर मे महिन्यात दुपारी त्याहून कितीतरी जास्त असतं आणि तापमान वाढलं की मशीनचे टन कमी होतात, म्हणून मी सरळ विचारते की ४४ अंशांना हे मशीन किती टन देणार, कंपनीचा तक्ता दाखवा. ज्याला काम येतं तो तक्ता काढतो. ज्याला येत नाही तो म्हणतो "बधू थई जशे, चिंता ना करो", म्हणजे सगळं होऊन जाईल, काळजी करू नका. हे वाक्य तीनदा ऐकलं की मी त्या माणसाला चहा पाजून निरोप देते.

आता क्वालिफाइड म्हणजे नेमकं कोण. आपल्याकडे एसीच्या कॉन्ट्रॅक्टरला सरकारचं असं वेगळं लायसन्स नसतं, त्यामुळे कोणीही बोर्ड लावून बसू शकतो आणि तपासायचं काम आपल्यावर येतं. वायरिंग आणि पॅनेलचं काम मात्र लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरनेच करायला हवं, तर त्याच्याकडे स्वतःचं आहे की तो दुसऱ्याकडून करून घेणार, ज्याचं असेल त्याच्या लायसन्सची कॉपी घ्या आणि मुदत बघा. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, चालू आहे की रद्द झालाय ते दिसतं. ज्या कंपनीची मशीन तो बसवणार त्या कंपनीचा तो अधिकृत डीलर किंवा इन्स्टॉलर आहे का, हे त्याच्या व्हिजिटिंग कार्डावरून ठरवू नका, कंपनीला फोन करून विचारा, कारण व्हीआरएफसारख्या (बाहेरच्या एका युनिटवर आतली पुष्कळ युनिट चालवणाऱ्या) मशीनची वॉरंटी बऱ्याचदा अधिकृत माणसाने बसवून चालू करून दिली तरच धरली जाते. कंपनीत इंजिनिअर कोण आहे, तो साइटवर किती वेळा येणार, आणि प्रत्यक्ष हाताने काम करणारी मुलं कोण. आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा कोर्स दोन वर्षांचा असतो, गोरव्याच्या आयटीआयमधून किंवा बाहेरून शिकलेली मुलं असली तर त्यांच्या कामात फरक दिसतो. इश्रे म्हणून एसी-रेफ्रिजरेशनवाल्या इंजिनिअर लोकांची देशपातळीवरची संस्था आहे, १९८१ पासूनची, तिचा मेंबर असणं चांगलं, पण नुसत्या मेंबरशिपवर काम देऊ नका.

काम मोठं असेल, म्हणजे हॉस्पिटल, हॉटेल, मोठं ऑफिस, तर मशीन न विकणारा वेगळा कन्सल्टंट घ्या. त्याची फी डोळ्यात भरते हे खरं, पण तो डिझाइन करणार, बीओक्यू म्हणजे सामानाची मापासकट यादी बनवणार, आणि त्याला कोणतंही मशीन खपवायचं नाहीये. ज्या व्यापारी बिल्डिंगचा विजेचा लोड १०० किलोवॅट किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली मागणी) १२० केव्हीए किंवा त्याहून जास्त आहे त्यांच्यासाठी ऊर्जा बचतीची बिल्डिंग संहिता म्हणजे ईसीबीसी आहे, तिची त्याला माहिती असायला हवी. ऑपरेशन थिएटर असेल तर नेहमीच्या ऑफिसवाल्या कॉन्ट्रॅक्टरला ते देऊच नका, तिथे हेपा म्हणजे अगदी बारीक कण अडवणारे फिल्टर, बाहेरच्यापेक्षा आत जास्त दाब, ताज्या हवेचं प्रमाण, दमटपणावर ताबा असं सगळं लागतं, आणि ते काम केलेली माणसं वेगळीच असतात.

मशीन कोणतं यावर फार लिहीत नाही. लहान ऑफिसला इन्व्हर्टर स्प्लिट नाहीतर छतात बसणारं कॅसेट, एका मोठ्या हॉलला डक्टेबल (डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या नळातून हवा नेणारं), वेगवेगळ्या वेळी चालणाऱ्या पुष्कळ खोल्या असतील तर व्हीआरएफ, आणि फार मोठी बिल्डिंग असेल तर चिलर, म्हणजे पाणी गार करून ते फिरवणारं मशीन. गरम हवेचं म्हणाल तर बडोद्यात थंडीत रात्री पारा दहा-बारावर येतो आणि तोही थोडे दिवस, तेवढ्यासाठी वेगळे हीटर लावायची गरज नाही, हॉट अँड कोल्ड म्हणजे हीट पंपवालं मशीन घ्या, ते एका युनिट विजेत साधारण तिप्पट उष्णता देतं, साधा हीटर जितकी वीज खातो तितकीच देतो. जानेवारीतल्या लग्नांसाठी मंगल कार्यालयाला आम्ही तेच सुचवलं. मशीनमधल्या थंड करणाऱ्या गॅसबद्दल एवढंच, आर-२२ माँट्रियल करारानुसार बंद होत चाललाय, कोणी स्वस्तात त्याची मशीन देत असेल तर घेऊ नका. आर-३२ हा आर-४१०ए पेक्षा हवामानाला बराच कमी घातक आहे, पण तो थोडा पेट घेऊ शकतो, म्हणून त्याचं काम शिकलेल्या हातांनीच व्हायला हवं.

कोटेशन तिघांकडून घ्या, पण तिघांना एकच यादी द्या. नाहीतर एकाने कॉपर पाइप धरलेला असतो, दुसऱ्याने नाही, तिसऱ्याने धरलाय पण पातळ, आणि आपण खालचा आकडा बघून फसतो. यादीत मशीनच्या मॉडेल नंबरपासून सुरू करा, मग कॉपर पाइपची जाडी आणि मीटर, त्यावरच्या नायट्राइल इन्सुलेशनची जाडी, गच्चीवर उन्हात जे इन्सुलेशन राहणार त्याच्यावर कव्हर आहे का, डक्टच्या पत्र्याचं गेज म्हणजे जाडी, ड्रेन पाइप, केबल, आउटडोअरचे, म्हणजे बाहेर बसणाऱ्या युनिटचे, स्टँड, भिंतीला भोकं पाडून परत प्लास्टर कोण करणार, मशीन गच्चीवर चढवायला क्रेन लागली तर पैसे कोणाचे. सगळ्यात जास्त भांडणं होतात ती "एक्स्ट्रा अ‍ॅज अ‍ॅक्चुअल" या तीन शब्दांवरून. आमचं २०१७ चं बिल कोटेशनच्या सव्वापट झालं होतं आणि वाढलेलं सगळं कॉपरमध्ये होतं. जास्तीच्या मीटरचा भाव आधीच लिहून घ्या, आणि पाइप झाकायच्या आधी दोघांनी मिळून मीटर मोजायचे असं ठरवा. जीएसटी धरून आकडा की सोडून, तेही विचारा, सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा दर २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, जुन्या दराने कोटेशन बनवून ठेवलेलं असेल तर लगेच लक्षात येईल. आणि विजेचं: लोड वाढवावा लागणार असेल तर एमजीव्हीसीएलकडे, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडे, अर्ज आधी टाका. मशीन येऊन पडली आणि लोड मंजूर नाही, अशी स्थिती मी एका नातेवाइकाकडे बघितली आहे, पंधरा दिवस डब्यात मशीन आणि खाली भाडेकरू चिडलेले.

कॉन्ट्रॅक्टर जुन्या कामांची यादी देतो तेव्हा ताजी कामं बघू नका, ती सगळी चकाचक असतात. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढलेली कामं मागा, आणि शक्य असेल तर मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला जा. मालकाशी बोलाच, पण त्याच्याइतकंच तिथल्या वॉचमनशी आणि इलेक्ट्रिशियनशी बोला, सर्व्हिसला माणूस किती वेळात येतो ते त्यांनाच नीट ठाऊक असतं. छताकडे बघा, पिवळे डाग दिसले की ड्रेन गळतोय. गच्चीवर चढून आउटडोअर बघा, एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडावर येतेय का, सर्व्हिस करणारा माणूस मागून हात घालू शकेल एवढी जागा सोडलीय का, पाइपांवरचं इन्सुलेशन उन्हाने भेगाळलंय का. मकरपुरा जीआयडीसीतलं एक ऑफिस बघून मी एका माणसाला नाही म्हटलं आणि तिथलंच दुसरं काम बघून दुसऱ्याला हो म्हटलं, दोघांच्या कोटेशनमध्ये फरक फार नव्हता.

पैसे टप्प्याने द्या, ऑर्डरसोबत थोडे, मशीन साइटवर आल्यावर, पाइपिंग तपासल्यावर, चालू झाल्यावर, आणि दहा टक्के एक उन्हाळा पार पडेपर्यंत हातात ठेवा. चांगला माणूस याला तयार होतो, थोडी घासाघीस करतो पण होतो. कंप्रेसरची वॉरंटी किती आणि पीसीबीची (मशीनमधल्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाची) किती ते वेगवेगळं लिहून घ्या, जाहिरातीत मोठ्या अक्षरात जी वर्षं असतात ती बहुतेक वेळा नुसत्या कंप्रेसरची असतात. आणि एक गोष्ट जी लोक विचारत नाहीत, गच्चीच्या कडेला काम करणाऱ्या मुलांना पट्टा बांधलेला असणार का आणि त्यांचा विमा आहे का. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या बिल्डिंगवर कोणाचा तरी मुलगा चढणार असतो.

काम चालू असताना मालकाने तिथे असणं याला पर्याय नाही. तुम्हाला तांत्रिक काही येत नसलं तरी चार गोष्टी बघता येतात. कॉपर पाइप जोडताना, ब्रेझिंग करताना, आतून नायट्रोजन वाहता ठेवावा लागतो, नाहीतर आत काळी खपली धरते आणि ती सुटून पुढे व्हॉल्व्हमध्ये अडकते, म्हणून नायट्रोजनचा सिलेंडर साइटवर दिसला पाहिजे. मग लाइनीत नायट्रोजनचा दाब भरून चोवीस तास ठेवायचा, गेजचा फोटो आज काढा, उद्या त्याच वेळी परत काढा, तापमानाने थोडा इकडेतिकडे होतो पण काटा उतरला असेल तर गळती आहे. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं एकक) खाली आणायचं, त्यासाठी मायक्रॉनचं वेगळं गेज लागतं, साध्या गेजवर ते कळत नाही. घाई असली की काही जण पंप लावतच नाहीत, थोडा गॅस सोडून देतात आणि म्हणतात हवा निघाली. आत ओल राहते, दोन वर्षांनी कंप्रेसर जातो आणि तोपर्यंत बसवणारा विसरलेला असतो. आमच्या पहिल्या कामात बहुतेक हेच झालं होतं, कारण सहापैकी दोन कंप्रेसर तिसऱ्या वर्षी गेले.

चौथी गोष्ट ड्रेन. प्रत्येक इनडोअरच्या ट्रेमध्ये बादलीने पाणी ओता आणि खाली पाइपातून तेवढंच बाहेर येतंय का बघा, आणि हे फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आधी. मीटरला निदान एक सेंटीमीटर उतार हवा. मी स्वतः शिडीवर चढून लेव्हल लावून बघितलं होतं, सुपरवायझरला आवडलं नाही, पण तीन ठिकाणी पाइप उलटा चढलेला सापडला आणि त्यानेच तो बदलून दिला.

बडोद्यापुरती एक वेगळी काळजी आहे ती पुराची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री काळाघोड्याच्या पुलापाशी धोक्याची २६ फुटांची रेषा ओलांडून पस्तिसाच्याही वर गेली तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी होतं. आउटडोअर गच्चीवर आणि पॅनेल पहिल्या मजल्याच्या जिन्यात होतं म्हणून वाचलं. शेजारच्या बिल्डिंगचं सगळं मागच्या चौकात जमिनीवर होतं, ते दिवाळीपर्यंत बंद पडून राहिलं. कॉन्ट्रॅक्टर पाइप वाचवायला आउटडोअर खाली ठेवूया म्हणाला तर नदीपासून तुमची जागा किती लांब आहे, २०२४ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, ती खूण भिंतीवर दाखवा आणि मग बोला.

काम संपलं म्हणाला की लगेच सही करू नका. प्रत्येक ग्रिलपाशी अ‍ॅनिमोमीटर, म्हणजे हवेचा वेग मोजायचं यंत्र, धरून हवा मोजून द्यायला सांगा, एका टनाला साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) धरतात, त्यावरून बेरीज जुळते का बघा, आणि जिथे जास्त येतेय तिथला डॅम्पर, म्हणजे डक्टमधली झडप, थोडा बंद करून लांबच्या खोलीत हवा पोचवायला लावा. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांच्या तापमानात आठ-दहा अंशांचा फरक दिसला की ठीक चाललंय. पाइप आणि केबल प्रत्यक्षात कुठून गेल्या त्याचं ड्रॉइंग, वॉरंटी कार्डं, दाबाचे आणि व्हॅक्यूमचे आकडे, हे सगळं एका फायलीत घ्या.

एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार, दोन प्रकारची असते, एकात सुटे भाग आणि गॅस धरलेले, दुसऱ्यात नुसती मजुरी. वॉरंटीच्या काळात मजुरीवाली पुरते, नंतर सगळं धरलेली घ्या, पण त्यात पीसीबी आहे का ते वाचा, कित्येकदा तोच वगळलेला असतो. वर्षातून किती वेळा येणार आणि बंद पडल्यावर किती तासांत, दोन्ही आकडे कागदावर हवेत.

आणि हे सगळं दिवाळीनंतर सुरू करा. नोव्हेंबरात मोजमाप, डिसेंबरात ऑर्डर, होळीच्या आत मशीन चालू. एप्रिल लागला की चांगल्या कॉन्ट्रॅक्टरांकडे माणसं शिल्लक नसतात, मग जो मोकळा असेल तो येतो. मी दर वर्षी फाल्गुनात सर्व्हिसवाल्याला क्लासच्या सहाही ग्रिलवर अ‍ॅनिमोमीटर धरायला लावते आणि आकडे २०२२ च्या कागदाशेजारी लिहिते. गेल्या वर्षी चौथ्या ग्रिलचा आकडा निम्म्यावर आला होता, छत उघडून बघितलं तर वायफायवाल्याने केबल ओढताना फ्लेक्झिबल डक्टवर पाय दिलेला, तो चपटा झाला होता. अर्ध्या तासात सरळ करून घेतला, परीक्षेच्या बॅचा सुरू व्हायच्या आधी.